उशाकडची फळी

महाभारताच्या उद्योगपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध ठरल्यासारखेच आहे, आणि श्रीकृष्णाची मदत मागण्यासाठी दुर्योधन व अर्जुन एकाच दिवशी द्वारकेला येऊन पोचतात. श्रीकृष्ण निजलेले असतात. दुर्योधन आधी येतो आणि उशाशी एका उंची आसनावर बसतो. अर्जुन मागाहून येतो आणि पायथ्याशी हात जोडून उभा राहतो. श्रीकृष्ण डोळे उघडतात तेव्हा प्रथम दिसतो तो अर्जुन. पुढचे सारे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. या कथेतून थोरामोठ्यांनी विनयाचा धडा घेतला. मला आज तिच्यातली एक साधी, व्यवहारातली गोष्ट तेवढी उचलायची आहे. निजलेल्या माणसाला उशाकडची बाजू दिसत नाही. तिथे कोण बसले आहे, काय ठेवले आहे, भिंतीची काय अवस्था आहे, हे त्याला पाठ फिरवल्याशिवाय कळत नाही.

आजच्या भाषणाचा विषय आहे ती नेमकी हीच न दिसणारी बाजू, म्हणजे पलंगाच्या उशाकडची फळी. आपले सुतार आणि दुकानदार तिला सरसकट 'हेडबोर्ड' म्हणतात. विषय तसा लहान आहे. राष्ट्रापुढील मोठ्या प्रश्नांत त्याची गणना होणार नाही. पण दिवसाचे चोवीस तास धरले, तर त्यांतले सात-आठ तास आपले डोके या फळीपासून वीतभर अंतरावर असते. इतका सहवास आपल्याला घरातल्या दुसऱ्या कोणत्याही लाकडी वस्तूचा घडत नाही. तेव्हा तिची निवड कशी करावी याचा थोडा विचार करायला हरकत नसावी.

मीरा रोडच्या किंवा भाईंदरच्या स्टेशनाबाहेर पडा आणि मोठ्या रस्त्याने चालत जा. फर्निचरचे दुकान लागायला फार वेळ लागत नाही. आत गेलात की दुकानदार तुम्हाला पलंगाच्या पायथ्याशी उभे करतो, दिवे लावतो आणि म्हणतो, "बघा साहेब, काय लूक आहे!" समोर असते ती मखमलीसारख्या कापडाची, बटणे टाचलेली, छातीइतकी उंच फळी. ती सुंदर दिसते यात शंका नाही. पण पाहणारा उभा असतो आणि वापरणारा आडवा असतो. पाहुणा दारातून जे पाहील ते आपण विकत घेतो. आपल्या पाठीला, मानेला आणि नाकाला जे मिळणार आहे त्याची चौकशी तशीच राहते. माझे सारे सांगणे एवढेच आहे की ही फळी डोळ्यांनी निवडायची वस्तू नव्हे. ती पाठीने, नाकाने आणि मोजपट्टीने निवडायची वस्तू आहे.

मुळात ही फळी आली कुठून? आपल्या जुन्या बाजेला ती नव्हती. चार पाय, चार दांड्या आणि सुंभाची वीण, झाली बाज तयार. उन्हाळ्यात ती अंगणात, पावसाळ्यात ओटीवर, आणि दिवसा भिंतीला टेकवून उभी. ढेकूण झाले की कडक उन्हात टाकली, काम झाले. जी वस्तू रोज जागा बदलते तिला कायमचे उसे आणि कायमचा पायथा नसतो, मग फळी कशाला? प्राचीन इजिप्तमध्ये तर उलटाच प्रकार होता. १९२२ साली तुतनखामेन राजाचे थडगे सापडले. त्यातल्या पलंगांना फळी आहे ती पायथ्याला, उशाला नाही. उशाला ते लोक लाकडाची, हस्तिदंताची अथवा दगडाची मान टेकायची बैठक ठेवीत.

उशाकडची उंच फळी खरी फोफावली ती थंड देशांत. दगडी भिंती, फटींतून येणारा बोचरा वारा, तेव्हा डोक्यामागे जाड लाकूड, वर छत आणि भोवती पडदे, असा सारा बंदोबस्त. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अॅल्बर्ट म्युझियममध्ये 'ग्रेट बेड ऑफ वेअर' नावाचा ओक लाकडाचा पलंग आहे. तो १५९० च्या सुमाराचा आहे. वेअर गावच्या खाणावळीत तो प्रवाशांसाठी होता आणि शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकातही त्याचा उल्लेख येतो. त्याची उशाकडची फळी कोरीव कामाने नुसती भरून गेली आहे, आणि त्यात मुक्काम केलेल्या मंडळींनी आपापली नावे कोरून भर घातली आहे. म्हणजे ती खोड केवळ आपल्याकडच्या किल्ल्यांवरची नव्हे! या पलंगाची रुंदी दहा फुटांहून अधिक आहे. मीरा-भाईंदरमधल्या सर्वसाधारण बेडरूममध्ये तो न्यायचा झाला तर आधी खोलीची भिंत पाडावी लागेल.

आपल्याकडे पलंगाचा विचार झालाच नव्हता असे मात्र नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त शय्या आणि आसने यांच्यासाठी एक सबंध अध्याय खर्ची घातला आहे. पलंगासाठी कोणते लाकूड चांगले हे तो सांगतो. त्या यादीत शाक म्हणजे आपला साग आहे, शिंशपा म्हणजे शिसवाच्या जातीचे झाड आहे, काश्मरी म्हणजे शिवण आहे. विजेने पडलेल्या, वाऱ्याने किंवा हत्तीने मोडलेल्या झाडाचे लाकूड घेऊ नये असेही तो बजावतो. आणि मग मापे देतो. राजाचा पलंग शंभर अंगुळे, राजपुत्राचा नव्वद, मंत्र्याचा चौऱ्याऐंशी, सेनापतीचा अठ्ठ्याहत्तर, पुरोहिताचा बहात्तर. माप ठरत होते ते हुद्द्यावर. आज आपण हसू. पण दुकानात जाऊन 'किंग साइज' मागतो तेव्हा आपणही वेगळे काय करतो? हुद्द्याचे माप मागतो आणि खोलीचे विसरतो.

आता आपल्या गावाकडे वळू. मीरा-भाईंदर म्हणजे मुळात एक शहर नव्हे. मीरा, भाईंदर, नवघर, गोडदेव, राई, मुर्धे, मोर्वे, उत्तन, घोडबंदर अशा अनेक गावांची ती मोट आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, आणि मधे पसरलेली मिठागरे. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांच्या वर गेलेली होती. भातखाचरे आणि मिठागरे यांच्या शेजारी इमारती उठल्या, आणि मुंबईत घर परवडेना अशी हजारो कुटुंबे इथे आली. इतिहास सांगायचा हेतू एवढाच की, या घरांची दोन लक्षणे फळी निवडताना विसरून चालत नाहीत. एक म्हणजे खोली लहान आहे. दुसरे म्हणजे हवा खारट आणि दमट आहे.

शिवाय आपल्याकडे पलंग म्हणजे केवळ निजायची जागा नाही. एका खोलीच्या घरात तो बैठकीचा कोच आहे. मुलांचे अभ्यासाचे टेबल आहे. संध्याकाळी भाजी निवडायची जागा आहे, आणि घरात आजारी माणूस असले तर तेच त्याचे जग आहे. तेव्हा फळी म्हणजे शोभा नव्हे, ती खुर्चीची पाठ आहे. हे एकदा मनाशी पक्के केले की बाकीचे प्रश्न आपोआप सुटू लागतात.

पहिला प्रश्न मापाचा. खोली दहा बाय दहा फुटांची धरू, म्हणजे एकशेवीस इंच. गादी अठ्ठ्याहत्तर बाय साठ इंचांची, जिला दुकानात 'क्वीन' म्हणतात. चौकटीचा इंच-दोन इंच तूर्त सोडून देऊ. आता उशाला सामान ठेवायची पेटी असलेली फळी घेतली, तर ती सहज बारा इंच जाडीची होते. अठ्ठ्याहत्तर आणि बारा नव्वद. पायथ्याशी उरले तीस इंच. तिथे समोर कपाट असेल तर त्याची खोली चोवीस इंच. बाकी किती? सहा इंच! सहा इंचांतून मांजर जाईल, माणूस जाणार नाही. आणि कपाटाचे दार उघडायचे ते कुठे? साधी दोन इंची फळी घेतली तर सोळा इंच उरतात. तीही अडचणच आहे, पण अंग चोरून का होईना जाता येते. म्हणजे ज्या पेटीत आपण चार जादा चादरी ठेवणार होतो, तिने आपली वाट खाल्ली. अशा खोलीत कपाट समोर न ठेवता बाजूच्या भिंतीला न्यावे हे बरे. मग रुंदीत चोवीस आणि साठ वजा जाऊन छत्तीस इंच शिल्लक राहतात आणि माणूस मोकळेपणाने वावरतो. 'किंग' म्हणजे बहात्तर इंची गादी घेतलीत तर हेच छत्तीस चोवीसवर येतात.

हल्ली फळीला दोन्ही बाजूंना पंखांसारखी छोटी मेजे जोडलेली मिळतात. साठ इंचांची गादी, दोन्हीकडे अठरा-अठरा इंचांची मेजे, शहाण्णव झाले. कपाटाचे चोवीस मिळवा, बरोबर एकशेवीस! हिशोब कसा चोख जुळला. पण घरी आणल्यावर कळते की कपाटाचे उशाकडचे दार मेजावर आपटते आणि अर्धेच उघडते. दुकान मोठे असते, तिथे हे कळत नाही. म्हणून उपाय सांगतो. दुकानात जाण्यापूर्वी घरी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरा. गादीच्या मापाची पसरा, फळीच्या जाडीची पसरा, मेजांची पसरा. मग कपाटाची दारे उघडून बघा, खोलीचे दार उघडून बघा, आणि घरातल्या सर्वांना एकदा त्या कागदांभोवतून चालायला सांगा. विजेची बटणे कुठे आहेत तेही पाहा. उशाजवळची बटणे आणि प्लग पुष्कळदा जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतात. फळी आली की ती नेमकी तिच्यामागे जातात, आणि मग रात्री दिवा मालवायला उठून दारापर्यंत जावे लागते.

दुसरा प्रश्न पाठीचा. भाईंदरचा माणूस चर्चगेटला कामाला जातो म्हणजे चाळीस-बेचाळीस किलोमीटर जातो आणि तेवढाच परत येतो. विरारकडच्या गाडीत बसायला मिळाले तर तो दिवस भाग्याचा. असा तासभर उभा राहिलेला माणूस घरी येऊन पलंगावर पाय पसरतो आणि मागे टेकतो, तेव्हा त्याच्या पाठीला काय लागते? पुष्कळ घरांत फळीची वरची कड नेमकी मानेत रुतते, किंवा कोरीव कामाचे कमळ बरोबर मणक्यावर येते. कमळ लक्ष्मीला शोभते. आपल्या पाठीला सपाट फळी बरी.

उंची ठरवायची एक सोपी रीत आहे. गादीवर भिंतीला टेकून बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी भिंतीवर पेन्सिलीने दोन खुणा करायला सांगा. एक खांद्याशी, दुसरी डोक्याच्या माथ्याशी. खांद्याची खूण बहुधा गादीच्या वर वीस ते चोवीस इंचांच्या दरम्यान येते. फळी निदान तिथवर तरी हवीच. डोकेही टेकायचे असेल, तर तीस-चौतीस इंच लागतील. गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून अठरा-वीस इंचांवर असला की मोठ्या माणसांना उठबस सोपी जाते. म्हणजे एकूण फळी चाळीस इंचांच्या आसपास झाली की बहुतेक घरांचे भागते. त्याहून उंच फळीचे पैसे आपण शोभेसाठी देत असतो. द्यायचे तर खुशाल द्या, पण कशाचे देतो ते माहीत असावे. मागे खिडकी असेल तर उंच फळी तिचा वारा आणि उजेड अडवते. आणि त्या खिडकीच्या गजांत संकटकाळी बाहेर पडायची झडप असेल, तर तिच्यापुढे फळी उभी करणे हे निव्वळ धाडस आहे.

फळी सुतारापाशी करून घेत असाल तर तिला किंचित कल द्यायला सांगा. चोवीस इंच उंचीला चारेक इंच मागे, एवढा पुरे. आपल्याकडे सुताराला 'मेस्त्री' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'पासून आला, म्हणजे उस्ताद. पलीकडच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता, तेव्हा या भागाला तो शब्द परका नाही. मेस्त्रीला फोटो दाखवून "असंच करा" म्हणू नका. त्याला सांगा, "मेस्त्री, आमचे बाबा इथे टेकून पेपर वाचणार, मुलगी इथे बसून अभ्यास करणार, त्या बेताने करा." फोटोतली फळी कुणीही करील, पण वापरणारा माणूस कळला की उस्तादाचा हात खरा चालतो.

तिसरा प्रश्न भिंतीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. मुंबईच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो मुख्यतः नैर्ऋत्येच्या आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो. म्हणून इमारतीच्या दक्षिण-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतींना त्याचा मारा अधिक बसतो. प्लास्टरला बारीक तडा गेलेला असला की पाणी आत झिरपते. रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा दिसू लागतो, मग काळी बुरशी. उघड्या भिंतीवर हे निदान दिसते तरी. फळीमागे दिसत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारा मुलगा, आणि दम्याच्या विकाराच्या आजी. दिवाळीत हौसेने नवा पलंग केला. उशाला कापडाची जाड फळी, स्क्रूने पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला पक्की बसवलेली. खोलीला नवे रूप आले, आणि ती खोली मुलाने व सुनेने आजींना दिली. पुढचा पावसाळा आला आणि आजींचा खोकला बळावला. औषधे बदलली, गाद्या बदलल्या, उदबत्ती बंद केली. आजी एवढेच म्हणत, "अगं, मला रात्री इथे ओलसर वास येतो गं." घरातल्यांना वाटे, म्हातारपणी वासाचे काही खरे नसते. ऑगस्टमध्ये विजेचे काम निघाले म्हणून फळी काढली, तर मागची भिंत आणि फळीची पाठ हातभर काळी झालेली. आजींचे डोके दोन-अडीच महिने त्या बुरशीला टेकलेले होते. दम्याला कारणे अनेक असतात, मी वैद्य नाही. पण ओल आणि बुरशी दम्याच्या माणसाला बाधते हे कोणताही डॉक्टर सांगेल. पलंग आतल्या भिंतीला आणला, फळी टाकून दिली. पाऊस संपता संपता आजींना जरा बरे वाटू लागले. मला त्या हकिगतीतली बुरशी जितकी खुपते, तितकीच दुसरी एक गोष्ट खुपते. पलंगाचा रंग, कापड, बटणे याबद्दल घरातल्या सर्वांचे मत घेतले होते; जिला त्यावर निजायचे होते तिचे मत तेवढे घ्यायचे राहून गेले होते.

तेव्हा फळी घेण्याआधी भिंतीची परीक्षा घ्या. पावसाळ्यात फूटभर लांबरुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. वरच्या बाजूला जमले, तर खोलीतली हवाच दमट आहे. पहिल्या प्रकारात आधी भिंतीची बाहेरून दुरुस्ती, मग फळी. दुसऱ्या प्रकारात खिडक्या उघड्या ठेवणे, पंखा चालवणे, ओले कपडे खोलीत न वाळवणे. शक्यतो पलंगाचे उसे घराच्या आतल्या भिंतीला करा. फळी भिंतीला स्क्रूने आवळण्याऐवजी पलंगालाच जोडलेली घ्या, आणि पलंग भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा. त्या दोन इंचांत वारा खेळतो आणि पावसाळ्यात बॅटरी लावून मागे डोकावता येते.

इथे दिशेचा प्रश्न येतो. उत्तरेला डोके करून निजू नये, दक्षिणेला पाय करू नयेत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याची त्यावर श्रद्धा आहे त्याने ती जरूर पाळावी. पण दक्षिणेची भिंत बाहेरची आणि ओली असेल, तर पूर्वेचे उसेही परंपरेला मान्यच आहे. शास्त्र आणि प्रकृती दोन्ही सांभाळता येतात; दहा फुटांच्या खोलीत थोडे डोके चालवावे लागते एवढेच.

चौथा प्रश्न द्रव्याचा. लाकडांत साग उत्तम, कारण त्याच्या गाभ्यातल्या तेलामुळे वाळवी आणि ओल यांना तो दाद देत नाही. पण तो महाग. प्लायवूड घेणार असाल तर पाटीवरचा शिक्का वाचा. 'आयएस ३०३' या मानकात दोन प्रती असतात. 'एमआर' म्हणजे दमट हवा सोसणारी आणि 'बीडब्ल्यूआर' म्हणजे पाण्यालाही बऱ्यापैकी टिकणारी. 'आयएस ७१०' ही त्याहून वरची, मरीन प्रत. आपल्या खाडीकाठच्या गावात 'बीडब्ल्यूआर' घेतली तर ते पैसे वाया जात नाहीत. भुश्शाची दाबलेली पाटी स्वस्त पडते. पण तिच्या कडेने ओल शिरली की ती पावासारखी फुगते आणि स्क्रू धरत नाही. नव्या पाट्यांना जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो बहुधा डिंकातल्या फॉर्माल्डिहाइड वायूचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला कर्करोगकारक ठरवले. म्हणून नवी फळी आणल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा, आणि लहान मूल असेल तर त्याला तोवर दुसरीकडे निजवा. खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि फळी कुरकुरू लागते. पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे मागून घ्या. किंमतीत फरक किरकोळ पडतो.

कापडाच्या फळीला माझा विरोध नाही. टेकायला ती मऊ असते. पण आपण डोक्याला तेल लावणारी माणसे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पुरुष केसांना मकासर तेल लावीत, आणि त्याचे डाग पडू नयेत म्हणून त्यांच्या बायका खुर्च्यांच्या पाठीवर कापडी रुमाल टाकीत. त्या रुमालाचे इंग्रजी नावच मुळी 'मकासरविरोधी' अशा अर्थाचे आहे. आपल्या आया-मावश्यांचे कोचावरचे क्रोशाचे रुमाल त्याच कुळातले. तेव्हा कापडाची फळी घ्यायची तर तिला काढून धुता येईल अशी खोळ असावी. बटणांच्या खळग्यांत धूळ बसते, शिवणीत ढेकूण घर करतात, आणि बाजेसारखी ती उन्हात टाकता येत नाही. वेताची फळी हलकी आणि वारा खेळणारी. पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसत राहिले की पुष्कळ टिकते. आणि ज्याला यातले काहीच परवडत नाही, त्याने मुळीच कमीपणा मानू नये. भिंत कोरडी असेल, तर एक जाड लोड आणि स्वच्छ अभ्रा हीदेखील चांगली उशाकडची फळीच आहे.

शेवटी दोन गोष्टी. आपल्यातले पुष्कळजण भाड्याच्या घरात राहतात. अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलते. अशांनी बोल्ट सोडून वेगळी करता येईल अशीच फळी घ्यावी. जिन्याच्या वळणातून आणि अडीच फुटी दारातून ती जाते का, हे आधी मोजावे. भिंतीत ठोकलेली फळी घरमालकाची होते. दुसरी गोष्ट, घरात वृद्ध माणूस असेल तर ते रात्री उठताना फळीलाच धरते. ती डगमगली तर माणूस पडते. दुकानात गेलात की फळीचे कापड चाचपण्याआधी तिला दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहा. आणि उशावर काचेची तसबीर किंवा जड सामानाचे कपाट टांगू नका.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी खर्चाच्या बाबतीत सांगून ठेवली. फळीच्या बाबतीत तिला एक जोड द्यावीशी वाटते: भिंत पाहून फळी घ्यावी, आणि माणूस पाहून भिंत निवडावी. येत्या रविवारी बाजारात निघालात, तर खिशात मोजपट्टी असू द्या, आणि बरोबर घरातले सर्वांत वडीलधारे माणूस असू द्या. दुकानात त्यांना आधी पलंगावर बसवा, मागे टेकू द्या, आणि विचारा, "बरं वाटतं का?" त्यांनी मान डोलावली, की मग रंगाचे बघू.